इथल्याच गोळ्या सोसतात

गणिताच्या बाई ऑफिसात आल्या, खुर्चीत बसल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाल्या, "माझ्या वडिलांना मी मारलं की नाही, तेवढं मला शोधून द्या."

मामांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं आणि तळाला गेलं.

मामा बँकेतून निवृत्त झालेले. बहिणीची मुलगी वकिली सोडून गुप्तहेर झाली, तेव्हा तिला सोबत म्हणून ते ऑफिसात येऊन बसायला लागले. सोबत म्हणजे गाडी चालवायची, चहा करायचा आणि शेवटपर्यंत स्वतःला काही कळू द्यायचं नाही. हे तिन्ही ते मन लावून करत. त्यांना डायबेटिस होता, रोजची एक गोळी होती, आणि जिभेवर ताबा अजिबात नव्हता.

भाचीचं उलटं. तिला खायची आवड नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं.

"पोलीस काय म्हणतात?" तिने विचारलं.

"मारलं म्हणतात. म्हणजे माझा दादा तसं म्हणतो, आणि पोलीस त्याचं ऐकतात. सोमवारी बोलावलंय मला. बहुतेक परत सोडणार नाहीत."

"आणि तुम्ही?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर आले."

त्यांनी सगळं फळ्यावर लिहावं तसं ओळीने सांगितलं. वडील दादाकडे राहायचे, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावरच्या गावी. डायबेटिस जुना. तिथल्या डॉक्टरांची ख्याती अशी, की साखर उतरल्याशिवाय ते पेशंटला सोडत नाहीत. वर्षभर वडिलांना दिवसाला चार गोळ्या चालू होत्या, दोन सकाळी, दोन रात्री. मागच्या महिन्यात ते बाईंकडे राहायला आले. येताना गोळ्या तिकडेच राहिल्या.

"राहिल्या कशा?"

"तेच तर. बाबा गोळ्यांची स्ट्रिप चष्म्याच्या घरात ठेवायचे, तळाशी. चष्मा काढताघालताना ती हाताला लागायचीच, म्हणून विसरायचा प्रश्न नसायचा. आले तेव्हा चष्मा नाकावर होता, बसमध्ये पेपर वाचत आले होते. चष्म्याचं घर रिकामं. मला म्हणाले, मी ठेवली होती गं. मी म्हटलं, बाबा, वय झालं तुमचं."

बाईंनी पर्स मांडीवर सरळ केली.

"पण दादाचा फोन बाबा पोचायच्या आधीच आला होता. गोळ्या फ्रिजवर राहिल्यात म्हणाला. चिठ्ठीचा फोटो पाठवतो, तुझ्याकडच्या दुकानातून घे, आणि एकही गोळी चुकवू नकोस. दादा मला कधी फोन करत नाही. मला बरं वाटलं होतं."

"मग तुम्ही घेतल्या."

"घेतल्या आणि दिल्या. दोन सकाळी, दोन रात्री. ना एक कमी, ना एक जास्त. दुसऱ्या दिवशी त्यांना घाम फुटायला लागला, हात थरथरायला लागले. प्रवासाचा शीण असेल म्हणून मी झोपवलं. चिडचिड करत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलेच नाहीत. हॉस्पिटलमध्ये सांगितलं, रक्तात साखर उरलेलीच नाही. संध्याकाळी गेले."

"खाणंपिणं?"

"पथ्याचं. मी पथ्याच्या बाबतीत कडक आहे." बाईंनी पर्सचं बक्कल उघडलं, बंद केलं. "शेवटच्या रात्री गोड मागत होते. लहान मुलासारखं. मी दिलं नाही. चार गोळ्यांचा पेशंट, त्याला साखर कशी देणार?"

मामांनी बशीतली उरलेली बिस्किटं हळूच झाकली.

"तेच औषध, तीच कंपनी, तेवढ्याच गोळ्या," बाई म्हणाल्या. "तिकडे वर्षभर काही झालं नाही. माझ्याकडे तीन दिवसांत संपले. दोन्ही बाजूंना आकडे तेच असून उत्तर वेगळं येत असेल, तर कुठेतरी मी चुकले असणार. दादा म्हणतो, तू मुद्दाम जास्त दिल्यास. घरासाठी."

"घर कुणाचं?"

"बाबांचं, दादा राहतो ते. अर्धं माझ्या नावावर करायचं म्हणत होते. मी नको म्हटलं होतं, पण ते कोण मानणार?"

"कुणीच नाही," भाची म्हणाली.

बाईंनी मान हलवली. त्यांना ते आवडलेलं दिसलं. त्या आल्यापासून त्यांची कुणी समजूत घातली नव्हती, हेच बहुधा त्यांना हवं होतं.

\*

बाईंच्या घराजवळचा केमिस्ट तोंड कडू करूनच बोलला. एवढ्या दिवसांत पोलिसांनी त्याचं दुकान दोनदा उलटंपालटं केलं होतं.

"गोळ्या अस्सल आहेत. पोलिसांनी तपासून घेतल्यात, रिपोर्ट आलाय. चूक चिठ्ठीत आहे म्हणा हवं तर. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मधूनमधून येतात माझ्याकडे. सगळ्या जड. मी बाईंना म्हटलं, एवढा डोस? एकदा विचारून घ्या. त्यांनी माझ्यासमोर भावाला फोन लावला."

"काय म्हणाला भाऊ?"

"स्पीकरवर होता. म्हणाला, बरोबर आहे, वर्षभर घेतायत, द्या बिनधास्त. तो स्वतः औषधांच्या धंद्यातला. मी कोण अडवणार?"

गाडीत बसल्यावर मामा म्हणाले, "डॉक्टरच चोर आहे. जड डोस, जास्त गोळ्या, जास्त कमिशन. सरळ आहे."

"मामा, मग वर्षभर म्हातारा जिवंत कसा राहिला?"

मामांनी गाडी सुरू केली. अशा प्रश्नांना ते गिअर टाकून उत्तर देत.

\*

दादाच्या गावचा दवाखाना दोन खोल्यांचा होता. बाहेर बाकडी, आत डॉक्टर, आणि बाकड्यांच्या टोकाला काचेचा औषधांचा काउंटर. तो काउंटर गणिताच्या बाईंचा दादा चालवत होता. पेशंट आतून चिठ्ठी घेऊन बाहेर यायचा आणि चार पावलांवर गोळ्या घेऊन घरी जायचा. सोय उत्तम होती.

बाकड्यावर छत्री मांडीत घेऊन एक आजी बसल्या होत्या. मामा त्यांच्या शेजारी टेकले आणि पाच मिनिटांत दोघांचं गूळपीठ जमलं. मामांच्या अंगात एक गुण होता, आजारांबद्दल ते कुणाशीही तासभर बोलू शकत.

"तुम्हाला किती?" आजींनी विचारलं.

"एक."

"एकच?" आजींनी त्यांच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मला पाच आहेत. शेजारणीला चार. आमचे डॉक्टर फार हुशार, साखरेला सोडत नाहीत. रागावतात मात्र. चोरून खाता म्हणतात. कशाची शपथ घालू सांगा, महिन्यात साखरेचा दाणा नाही तोंडात!"

"पाच गोळ्या सोसतात तुम्हाला?" भाचीने विचारलं.

"इथल्या सोसतात. सुनेने एकदा कौतुकाने शहरातून आणल्या, स्वस्त मिळतात म्हणून. घेतल्या आणि अशी गरगरले, की न्हाणीत पडले. बाहेरचा माल बोगस असतो हो. तेव्हापासून आम्ही सगळे इथूनच घेतो. इथल्याच सोसतात."

भाची हसली. मामांना तिचं ते हसू ठाऊक होतं आणि ते त्यांना आवडत नसे.

डॉक्टर उंच, थकलेले आणि आधीच चिडलेले होते. टेबलावर आरोग्य खात्याचं पत्र पालथं पडलं होतं.

"तुम्हीही तेच विचारायला आलात का? तुमच्या दवाखान्याचा औषधांचा खर्च आसपासच्या दवाखान्यांच्या चौपट का? मी सांगतो का. या गावची साखर हट्टी आहे! मी अर्ध्या गोळीपासून सुरू करतो. उतरत नाही. एक देतो. उतरत नाही. दोन, तीन, चार. लोक पथ्य पाळत नाहीत आणि खापर माझ्यावर. कंपन्यांकडून मी पेनसुद्धा घेत नाही, हवं तर झडती घ्या."

"सगळ्यांचीच साखर हट्टी?"

"जवळजवळ सगळ्यांची."

"कुणी एक तरी अर्ध्या गोळीवर ताब्यात असेल?"

"आहे ना. आमचा काउंटरवाला. त्यालाही डायबेटिस आहे, त्याच्या वडिलांकडूनच आलेला. पण इतकी वर्षं झाली, अर्ध्या गोळीवर ठणठणीत. शिस्त म्हणतात ती ही. मी प्रत्येक पेशंटला त्याचंच उदाहरण देतो." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "त्याचे वडील गेले. चांगला माणूस. मी त्यांना शेवटी फार बोललो होतो. तुम्ही खोटं बोलता, चोरून खाता, असं म्हणालो होतो. ते नुसते हसले."

हा माणूस चोर नाही, असं मामांना तेव्हा वाटलं. मग चोर कोण, हे मात्र वाटेना.

काउंटरवाला मऊ आवाजाचा, गोरापान, नीटनेटका गृहस्थ होता. काउंटरमागे स्टुलावर बसून क्रीमचा केक खात होता. बोटं चाटून त्याने ती रुमालाला पुसली आणि डोळ्यांत पाणी आणलं.

"बहीण आहे माझी. तिच्याबद्दल काय बोलू? पण बाबा इथून चालत गेले हो बसपर्यंत. वर्षभर चार गोळ्या पचवणारा माणूस. चार गोळ्यांनी माणूस मरतो का? अख्खं गाव घेतं. तिने जास्त दिल्या, दुसरं काय?"

"गोळ्या इथे कशा राहिल्या?"

"विसरले. फ्रिजवर होत्या. बस सुटल्यावर दिसल्या मला. म्हातारपण."

"त्या कुठे आहेत आता?"

"फेकल्या. बाबांची आठवण सोसेना."

मामांनी केककडे पाहिलं. "तुम्हाला चालतं वाटतं गोड?"

"बेताने खावं, गोळी वेळेवर घ्यावी," काउंटरवाला समजावणीच्या सुरात म्हणाला. बोलता बोलता त्याने खणातून कागदी पिशवी काढली, तिच्यातल्या स्ट्रिपमधून एक गोळी फोडली, सुरीने अर्धी केली आणि गिळली.

भाचीने त्याच्याकडून वडिलांच्या त्याच औषधाच्या दोन स्ट्रिप विकत घेतल्या. पावती मागितली. तो हसून म्हणाला, "पावती कशाला, घरचीच माणसं."

बाहेर पडल्यावर मामा तक्रारीच्या सुरात म्हणाले, "काय नशीब बघ एकेकाचं. केक खातो आणि अर्ध्या गोळीवर भागतं. आणि लबाड किती! स्वतःचं दुकान असून गोळ्या चौकातल्या दुकानातून आणतो. पिशवीवर त्याच दुकानाचं नाव होतं, आत्ता वाटेत पाहिलं आपण."

भाची रस्त्यातच थांबली. मागून येणारा सायकलवाला शिवी देऊन गेला.

"मामा," ती म्हणाली, "कधी कधी तुमच्या खादाडपणाचा मला अभिमान वाटतो."

\*

पुढचे दोन दिवस तिने एकटीनेच धावपळ केली. एक स्ट्रिप तिने ओळखीच्या प्रयोगशाळेत दिली. रिपोर्ट आला तेव्हा मामांनी तो वाचायला मागितला, तर तिने पर्समध्ये टाकला. "तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं," ती म्हणाली. "शनिवारी तिथे तुमचा चेहरा मला कोरा हवाय."

शनिवारी दुपारी पेशंट गेल्यावर दवाखान्याच्या बाकड्यांवर माणसं बसली. डॉक्टर, काउंटरवाला, गणिताच्या बाई, इन्स्पेक्टर आणि मामा. दाराशी एक हवालदार. भाऊ आणि बहीण एकमेकांपासून जितकं लांब बसता येईल तितके लांब बसले होते. इन्स्पेक्टरांच्या खिशात बाईंच्या अटकेचा कागद होता आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"मी फार वेळ घेणार नाही," भाची म्हणाली. "प्रश्न एकच आहे. चार गोळ्यांनी माणूस मरतो का?"

"नाही," काउंटरवाला म्हणाला. "मी शंभरदा सांगितलं. जास्त दिल्यात तिने."

"मग तुम्ही घेऊन दाखवाल? एकदम चार. तुम्हालाही डायबेटिस आहेच. तुम्हाला काही झालं नाही, तर तुमच्या बहिणीने जास्त दिल्या हे सिद्ध झालं. साहेब लगेच कागद काढतील."

"हा काय चावटपणा!" डॉक्टर उठले. "तो अर्ध्या गोळीवर आहे. चार घेतल्या तर आडवा होईल. मी परवानगी देणार नाही."

भाचीने पर्समधून स्ट्रिप काढली आणि चार गोळ्या फोडून बशीत टाकल्या. काउंटरवाल्याने त्या पाहिल्या, स्ट्रिप पाहिली.

"कुठल्या आहेत?"

"तुमच्याच काउंटरच्या. परवा तुम्ही स्वतःच दिल्यात."

त्याचा चेहरा सैल झाला. त्याने बहिणीकडे एकदा पाहिलं, चारही गोळ्या तोंडात टाकल्या आणि वर पाणी प्यायला. "घ्या. बसा आता माझ्याकडे बघत."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"धन्यवाद," भाची म्हणाली. "आता मी खोटं बोलले ते सांगते. त्या तुमच्या काउंटरच्या नव्हत्या. तुमच्या बहिणीच्या घराजवळच्या दुकानातल्या आहेत. वडिलांना दिल्या त्याच गठ्ठ्यातल्या. स्ट्रिप हुबेहूब सारखी असते, नाही का? नक्कल इतकी छान झालीय, की तुम्हालाही फरक कळला नाही."

काउंटरवाल्याचा रंग उतरला. तो उठला, कोपऱ्यातल्या बेसिनकडे धावला आणि घशात बोटं घालायला लागला. काहीच येईना. तो दाराकडे वळला, तर हवालदार आडवा.

"साखर! डॉक्टर, साखर द्या, ग्लुकोज द्या! काहीतरी करा!"

डॉक्टर लगबगीने आत निघाले. भाचीने त्यांच्या छातीवर हात ठेवला.

"थांबा. आधी त्याला विचारा, एवढा घाबरला कशाला? तीच कंपनी, तेच औषध, तेवढ्याच गोळ्या. आपल्या काउंटरच्या म्हटल्यावर हसत गिळल्या. दुसऱ्या दुकानाच्या म्हटल्यावर मरायला टेकला. का?"

डॉक्टरांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते बाकड्यावर बसले.

"तुमच्या गावची साखर हट्टी नाही, डॉक्टर," भाची म्हणाली. "या माणसाने तुमच्या पेशंटना नुसता खडू विकला. खडूने साखर कशी उतरेल? तुम्ही डोस वाढवला. त्याने दुप्पट खडू विकला. तुम्ही चौपट केला. तुम्ही पेशंटवर संशय घेतलात, त्यांच्या जिभेवर घेतलात, पण गोळीवर कधी घेतला नाहीत. बाकड्यावरच्या आजी शहरातली गोळी घेऊन पडल्या, कारण ती खरी होती. पाच खऱ्या गोळ्या! त्यांना वाटलं, बाहेरचा माल बोगस. आणि त्या परत इथेच यायला लागल्या. अख्ख्या गावात एकच माणूस अर्ध्या गोळीवर ठणठणीत होता, केक खाऊनसुद्धा. कारण तो स्वतःची गोळी चौकातल्या दुकानातून आणायचा. ते आमच्या मामांनी पाहिलं."

मामांना चेहरा कोरा ठेवणं फार जड गेलं.

"ही चोरी झाली," इन्स्पेक्टर म्हणाले. "खून कुठे आहे?"

"चष्म्याच्या घरात. म्हातारबाबा स्ट्रिप तिथे ठेवायचे. चष्मा इथून गेला, त्याचं घर गेलं, मग स्ट्रिप फ्रिजवर कशी राहील? चष्मा नाकावर असताना कुणीतरी ती काढून घेतली. का? तर बहिणीने खऱ्या गोळ्या विकत घ्याव्यात म्हणून. चार खऱ्या गोळ्या म्हणजे काय, हे या जगात एकाच माणसाला माहीत होतं. केमिस्टने अडवलं, तेव्हा फोनवरून द्या बिनधास्त म्हणणारा तोच. बाप जाईल, आळ बहिणीवर येईल, घर अख्खं राहील. आणि स्वतःला गोळीला हातसुद्धा लावायला नको."

"खोटं आहे सगळं!" काउंटरवाला बेसिनला धरून ओरडला. त्याला घाम फुटला होता, हात थरथरत होते. "साखर द्या आधी, मग काय ते बोला! मरतोय मी!"

तेव्हा गणिताच्या बाई उठल्या. डॉक्टरांच्या चहाच्या सामानातून त्यांनी साखरेचा डबा घेतला, पेल्यात पाणी घेतलं, चार चमचे साखर टाकली आणि ढवळत भावासमोर उभ्या राहिल्या. त्यांना कुणी अडवलं नाही.

"दादा," त्या म्हणाल्या, "चष्म्याच्या घरातून स्ट्रिप कुणी काढली?"

"दे ना गं!"

"कुणी काढली?"

"मी! मी काढली! दे आता!"

बाईंनी पेला त्याच्या हातात दिला. त्याचे हात इतके कापत होते, की अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. मग बाईंनीच पेला धरला आणि त्याला पाजलं. तो पेला चाटूनपुसून प्यायला आणि डब्यातली साखर मुठीने खाऊ लागला.

इन्स्पेक्टरांनी खिशातला कागद काढून फाडला.

"पुरे झालं," भाची म्हणाली. "गोळ्या तुमच्याच होत्या. दोन स्ट्रिप घेतल्या होत्या मी. एक प्रयोगशाळेत गेली, दुसरी ही. खडू आणि पीठ. तुमचा घाम निव्वळ भीतीचा आहे."

काउंटरवाल्याचं तोंड साखरेने भरलेलं होतं. तो चावायचा थांबला. मामांना त्याच्याकडे पाहवेना, आणि भाचीकडे तर त्याहून पाहवेना. एखाद्याला असं उघडं पाडताना तिला मजा येते, हे त्यांना माहीत होतं. आज त्यांना तिची भीती वाटली.

"साहेब," डॉक्टर एकदम म्हणाले. "तुम्ही काउंटर बंद करणार?"

"सील करणार, अर्थात."

"म्हणजे आज सगळे चौकातल्या दुकानात जातील. माझ्या चिठ्ठ्या घेऊन. चार चार, पाच पाच..." ते आतल्या खोलीत पळाले. थोड्याच वेळात त्यांचा फोनवरचा आवाज यायला लागला. आजी, गोळी घेऊ नका. नाही, मी रागावत नाही. एकही घेऊ नका. तुम्ही चोरून खात नव्हता, मला कळलंय. आजी, ऐकताय ना?

हवालदाराने काउंटरवाल्याला बेड्या घातल्या. तो आता शांत झाला होता. ओठांवरची साखर त्याने खांद्याला पुसली. दारातून जाताना बहिणीपाशी थांबला आणि त्याच मऊ आवाजात म्हणाला, "बाबांनी मागितली असेल ना साखर? शेवटी सगळेच मागतात. मला माहीत होतं तू देणार नाहीस. तुझ्या पथ्यावर माझा पूर्ण भरवसा होता. दुसऱ्या कुणाकडे पाठवलं असतं तर वाचले असते ते."

हवालदाराने त्याला ढकललं.

"मला मात्र पाजलीस," तो बाहेरून म्हणाला.

बाई रिकामा पेला हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी भाचीकडे पाहिलं.

"खरं आहे का हे? त्या रात्री मी साखर दिली असती तर?"

इतक्या वेळात पहिल्यांदाच भाचीने मान खाली घातली. मामांना राहवलं नाही. ते पुढे झाले.

"छे हो बाई. काही उपयोग झाला नसता. वेळ निघून गेली होती. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाचं ऐकावं तसं. मग त्या पुन्हा भाचीकडे वळल्या.

"मी तुम्हाला फी कशाची दिली?"

"खरं शोधायची."

"मग सांगा."

"वाचले असते," भाची म्हणाली.

"साध्या साखरेने?"

"साध्या साखरेने."

मामांना त्या क्षणी भाचीच्या दोन मुस्काटात द्याव्याशा वाटल्या. ती त्यांची लाडकी होती, तिला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं, आणि तरीही वाटल्या.

बाईंनी पेला धुतला, पालथा घातला आणि पर्स खांद्याला लावली. इन्स्पेक्टर काउंटरच्या कुलपाला सील लावत होते. बाई त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, आता गुन्हा नव्याने लिहाल ना?"

"हो. तुमच्या भावावर. तुम्ही मोकळ्या आहात, बाई. घरी जा, विश्रांती घ्या."

"दोघांची नावं घाला," बाई म्हणाल्या. "त्याने गोळ्या बदलल्या. साखर मी नाकारली. एकट्याच्या नावावर घातलंत तर ते अर्धंच होईल."

इन्स्पेक्टरांनी भाचीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. मग सील खाली ठेवून ते बाईंना समजावू लागले, की असा गुन्हा कायद्यात नसतो, पथ्य पाळल्याबद्दल कुणाला शिक्षा होत नाही, कोर्ट हसेल. ते बराच वेळ बोलले, आणि चांगलं बोलले. बाई ऐकत होत्या, मान हलवत होत्या, पण तिथून जायला तयार नव्हत्या.